बीई प्रोजेक्टचं कपाट आणि ओपन सोर्स : विद्यापीठाकडे नेमकं काय मागावं?

मधुमालती (धागाकर्ती)

पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी संगणक विभागात शिकवते. गेल्या आठवड्यात विभाग दुसऱ्या मजल्यावर हलवायचा म्हणून प्रोजेक्टचं कपाट रिकामं केलं. सगळी ब्लॅक बुकं म्हणजे प्रोजेक्टचे बांधलेले अहवाल, प्रत्येकाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात एक सीडी. चौदा वर्षांचं काम. गठ्ठे लावताना लक्षात आलं, की पीएमपीएमएलच्या बसचे मार्ग आणि वेळा सांगणारं ॲप आमच्या मुलांनी सहा वेळा केलंय. सहाही वेळा शून्यापासून. सहा वेळा कुणीतरी स्वारगेटला उभं राहून थांब्यांची नावं वहीत उतरवून घेतली असणार. आणि सहाही वेळा, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) सही करून गेले त्या संध्याकाळी ते काम संपलं.

पाचव्या गटाला पहिल्या गटाचा कोड मिळाला असता तर? मी स्वतः त्यातल्या दोन गटांची गाईड होते आणि मलाही हे सुचलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मला फार वाईट वाटलं.

अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीआधी कॉलेजांकडून सूचना मागवल्या आहेत. विद्यापीठाने ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो आणि कुणीही सुधारू शकतो अशा सॉफ्टवेअरच्या, कामाला बळ द्यावं असं एक पानाचं टिपण मला द्यायचंय. पण 'प्रोत्साहन द्यावे' एवढंच लिहिलं तर ते फाइलला लागेल आणि तिथेच राहील. नेमकं काय मागावं? ज्यांनी हे काम केलंय, करवून घेतलंय किंवा करायचं ठरवून सोडून दिलंय, त्या सगळ्यांचं ऐकायचंय.

भिडेपूल

वाचतोय. चांगला विषय काढलात.

दुसरी_शिफ्ट

ताई, मी २०११ चा पासआउट. तेव्हा प्रोजेक्ट विकत मिळायचे, आजही मिळतात. सोर्स कोड, रिपोर्ट, पीपीटी असा संचच. आमच्या वर्गातल्या निम्म्या गटांनी तो घेतला होता. मुलं कामचुकार होती म्हणून नव्हे. विषय, सबमिशन, प्लेसमेंटच्या फेऱ्या हे सगळं चालू असताना चार जणांनी लॉगिनच्या पानापासून डेटाबेसपर्यंत अख्खी वस्तू उभी करायची आणि ती 'पूर्ण' दिसली पाहिजे, ही अटच माणसाला दुकानात पाठवते.

आज माझ्या हाताखाली पंधरा जण आहेत. त्यातलं कुणीही शून्यापासून काही लिहीत नाही. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, त्यात दोष कुठे आहे ते हुडकायचं, बाकीचं न मोडता तेवढाच दुरुस्त करायचा आणि का केलं ते चार ओळींत लिहायचं. नेमकं हेच चार वर्षांत एकदाही करायला लावत नाहीत. म्हणून माझी पहिली मागणी : आधीपासून चालू असलेल्या प्रकल्पात केलेलं काम बीई प्रोजेक्ट म्हणून धरा.

तळजाई

+१. विद्यापीठांनी हे का करावं, याला इतिहासच उत्तर देतो. आज आपण जे वापरतो त्यातलं बरंचसं विद्यापीठांच्या खोल्यांतच जन्मलंय. पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये तो प्रकल्प सुरू केला. विद्यापीठातलं काम थांबत आलं तेव्हा अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा जोडली, १९९६ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल हे नाव पडलं आणि पुढे जगभरच्या लोकांनी ते सांभाळलं. प्राध्यापक दुसऱ्या कामाला लागले तरी काम टिकलं, कारण कोड उघडा होता. मधुमालतीताईंच्या कपाटात हेच झालं नाही. आर ही संख्याशास्त्राची भाषा न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन शिक्षकांची. ऑनलाइन शिकवण्यासाठीचं मूडल निघालं पर्थच्या कर्टिन विद्यापीठातून. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं एलएलव्हीएम इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालं, आज आयफोनची ॲप त्यावर तयार होतात.

उलटा दाखलाही आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली. संस्थेने त्यांच्या जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कोडवर हक्क सांगू नये, हे त्याचं कारण. पण प्रयोगशाळेने त्यांना तिथली यंत्रं वापरू दिली. विद्यापीठ आडवंही येऊ शकतं आणि नुसतं दार उघडं ठेवूनही केवढं देऊ शकतं, हे दोन्ही या एकाच गोष्टीत आहे.

रामबाग_कॉर्नर

थोडा वेगळा सूर लावतो. मी एका कॉलेजात संशोधन समन्वयक आहे. तुम्ही सगळे जे म्हणता ते पटतं, पण माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत पेटंटला वेगळे गुण आहेत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षकाच्या बढतीसाठी पेटंटला गुण आहेत, ई-कंटेंटला आहेत, पुस्तकातल्या प्रकरणाला आहेत. 'विद्यार्थ्यांकडून सॉफ्टवेअर लिहून घेतलं, ते खुलं केलं, तीनशे जण वापरतात' याला स्वतंत्र रकाना नाही. मग सहायक प्राध्यापकाने आपली संध्याकाळ कशात घालावी? त्यालाही घर आहे.

शिवाय सगळं वाटूनच टाकायचं का? एखाद्या गटाने खरंच चांगलं काही केलं, तर त्यातून स्टार्टअप निघू दे, कॉलेजला दोन पैसे मिळू देत. त्यात गैर काय?

कलमकाका

रामबाग, पैशात गैर काही नाही आणि ओपन सोर्सचं पैशाशी वैर नाही. जीपीएल हे ओपन सोर्सचं लायसन्स विकायला मनाई करत नाही. पण पेटंटबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो, माझा व्यवसायच तो आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. मुलांच्या बहुतेक ॲपना त्या वाटेने काही मिळणार नाही, फक्त अर्जाचा खर्च होईल.

दुसरं, आणि हे टिपणात यायलाच हवं : बीई प्रोजेक्टच्या कोडचा मालक कोण? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाला देतं. विद्यार्थी नोकर नसतो. त्यामुळे वेगळं काही लिहून दिलेलं नसेल तर कोड त्या चार मुलांचा, कॉलेजचा नाही, गाईडचाही नाही. म्हणूनच ताई, तुमच्या कपाटातल्या सीडी तुम्ही सरळ इंटरनेटवर टाकू शकत नाही. त्या मुलांची संमती लागेल, आणि एकाची नाही, सगळ्यांची. सिनॉप्सिस देतानाच लायसन्सची एक ओळ आणि चौघांच्या सह्या घेतल्या असत्या, तर आज प्रश्नच नव्हता. बिनखर्चाची सुधारणा आहे ही.

मधुमालती

काका, हे माहीत नव्हतं. मी खरंच त्या सीडी स्कॅन करून टाकायच्या विचारात होते. सह्यांची ओळ टिपणात गेली.

शेवटचा_बाक

मी आत्ता बीईला आहे, म्हणून लिहितोय. मागच्या वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी मी एका मोठ्या ऑफिस सॉफ्टवेअरमधला दोष घेतला. यादीला देवनागरी आकडे दिले की दहाच्या पुढे रकाना सरकायचा. दोष छोटा, पण ते घरी बिल्ड करायलाच, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बनवायलाच, माझ्या लॅपटॉपला अख्खी रात्र लागायची. पहिला महिना नुसता कुठली फाइल बघायची ते कळण्यात गेला. पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, चार वेळा परत आला. तपासणाऱ्या बाई जर्मनीत, त्यांची सकाळ म्हणजे माझी दुपार, प्रॅक्टिकल चालू असताना त्यांचे प्रश्न यायचे. पाच महिन्यांनी अडतीस ओळी स्वीकारल्या गेल्या. त्या रात्री मी आईला उठवून सांगितलं.

परीक्षेत विचारलं, 'स्क्रीन दाखव, मॉड्यूल किती?' मी म्हटलं, अडतीस ओळी आहेत सर. पन्नासपैकी एकवीस मिळाले. शेजारच्या गटाने आणलेल्या हॉस्पिटल मॅनेजमेंटला त्रेचाळीस. मला सरांचा राग नाही, त्यांच्यासमोरच्या कागदावर 'यूजर इंटरफेस', 'डेटाबेस डिझाइन' असेच रकाने होते. माझं काम कुठल्या रकान्यात लिहायचं, ते त्यांनाही कळेना.

बकुळ

अडतीस ओळींबद्दल मनापासून अभिनंदन. आईला उठवलंस ते योग्यच केलंस.

टर्मिनलवाला

शेवटचा_बाक, तुझ्यासारखे दहा जण मिळाले तर मी आनंदाने नाचेन. पण धाग्यातल्या सगळ्यांना एक कळकळीची सूचना, कारण मी पलीकडच्या बाजूला बसतो. नऊ वर्षं एक छोटी लायब्ररी सांभाळतोय, नोकरी करून, रात्री आणि रविवारी.

गुण जाहीर केलेत की कचरा येतो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावायच्या उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी हजारो लोकांनी रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्या, पाठवल्या. शेवटी आयोजकांना नियम बदलावे लागले, जे प्रकल्प स्वतःहून तयार असतील तेच धरायचे असं ठरलं. २०२४ मध्ये एक्सप्रेस या प्रकल्पावर तर स्वतःचं नाव रीडमीत लिहिण्याच्या रिक्वेस्टींचा पूर आला. त्यात आपली भारतीय मुलं पुष्कळ होती, कारण एका शिकवणीच्या व्हिडिओत तसं करून दाखवलं होतं. मुलांचा दोष नाही, त्यांना जे दाखवलं ते त्यांनी केलं. पण प्रत्येक रिक्वेस्ट एका माणसाच्या रात्रीतून वेळ खाते. आपल्या विद्यापीठाखालच्या कॉलेजांची संख्या बघा. एकाच आठवड्यात सगळ्यांना 'तीन पुल रिक्वेस्ट सक्तीच्या' केल्या तर जगभरचे लोक आपल्याला दारातूनच परत पाठवतील.

हे होऊ शकतं. एप्रिल २०२१ मध्ये लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल सांभाळणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे पॅच घेणंच थांबवलं होतं. तिथल्या संशोधकांनी तपासणी किती कडक आहे ते बघण्यासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते. काही जणांनी केलं, भोगलं अख्ख्या विद्यापीठाने. त्यांना माफी मागावी लागली.

म्हणून : संख्या मोजू नका. स्वीकारलं गेलं की नाही यावरही सगळं टांगू नका, कधीकधी चांगला पॅचसुद्धा सहा महिने पडून राहतो. चर्चा वाचा. मुलाने प्रश्न कसे विचारले, सूचना आल्यावर काय बदललं, ते सगळं तारखेसकट लिहिलेलं असतं. ब्लॅक बुकपेक्षा खरा पुरावा आहे तो.

रामबाग_कॉर्नर

हा मुद्दा मला सर्वांत जास्त पटला. चर्चा वाचून गुण देता येतात, आणि ती विकत आणता येत नाही.

कॅटलॉगवाली

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, कोड येत नाही, पण या विषयावर बोलायचंय. आमचं ग्रंथालय कोहावर चालतं. न्यूझीलंडच्या एका ग्रामीण ग्रंथालयाने १९९९ मध्ये बनवायला घेतलेलं सॉफ्टवेअर, आज आपल्याकडे कितीतरी कॉलेजांत आहे. त्याचा कोड उघडा आहे. माझ्या वरच्या मजल्यावर संगणकाची तीनशे मुलं बसतात. इतक्या वर्षांत एकही खाली येऊन म्हणाला नाही की बाई, दाखवा बघू.

आणि काम आहे हो! 'कादंबऱ्या' हा शब्द घ्या. यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो, नुक्त्याच्या ऱ वापरून किंवा साध्या र ला हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आत वेगळे. आमच्याकडे दोघी नोंदी करतो, दोघींचे कीबोर्ड वेगळे. त्यामुळे एकाच शब्दाच्या शोधात अर्धी पुस्तकं येतात, अर्धी लपून बसतात. विद्यार्थी म्हणतो पुस्तक नाही आणि पुस्तक तिथेच मांडणीवर असतं. न्यूझीलंडच्या माणसाला हे कळणार कसं? आपल्या भाषेचं दुखणं आपल्यालाच सांगावं लागेल, आणि औषधही आपणच द्यायला हवं.

शेवटचा_बाक

मॅडम, हे मला करायचंय. खरंच. शोधाआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणली की काम होईल. तुमच्याकडच्या दहा-वीस नोंदी पाठवाल का?

कॅटलॉगवाली

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. वीस नाही, दोनशे पाठवते.

नांगरट

अवांतर आहे पण राहवत नाही. मराठीचं काम म्हणजे फक्त प्रोग्रामिंग नाही. लोहित देवनागरी हा फाँट लिनक्सवर वर्षानुवर्षं आपण वापरतो, त्यावर पुण्यात बसून लोकांनी काम केलंय. लिबरऑफिस, फायरफॉक्सचं मराठीकरण स्वयंसेवकांनी केलंय, आणि तिथे माणसं कायम कमी पडतात. मी मराठीत एमए केलं. आमच्या विभागात कुणी सांगितलंच नाही की 'सेव्ह'ला काय म्हणायचं, हे ठरवण्यातही आमचा हात लागू शकतो. 'जतन करा' आणि 'साठवा' यावर मी एकदा दीड तास भांडलेय आणि त्या दीड तासात भाषेबद्दल जेवढं शिकले तेवढं एका सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते. शुद्धलेखन तपासणीचे शब्दकोश, जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधल्या मजकुराचं रूपांतर, ही कामं भाषा विभागाच्या मुलांना प्रकल्प म्हणून का मिळू नयेत? ताई, टिपणात 'संगणक शाखा' एवढंच लिहू नका.

भिडेपूल

'जतन करा'. वाद संपला. 🙂

नांगरट

संपलेला नाही! 'साठवा' जास्त मराठी आहे.

लॅब_नंबर_चार

नमस्कार. मी लॅब असिस्टंट आहे, अठरा वर्षं. सरमॅडम लोकांच्या धाग्यात लिहू का असं वाटत होतं, पण लिहितो.

आपल्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रॅक्टिकलच्या अभ्यासक्रमात '६४-बिट ओपन सोर्स लिनक्स' असं स्वच्छ लिहिलेलं आहे, कित्येक वर्षांपासून. म्हणजे विद्यापीठ ओपन सोर्स वापरायला सांगतं. चांगलंच आहे. पण वापरणं आणि बनवणं यात फरक आहे. माझ्या लॅबमध्ये चाळीस मशीन. जूनमध्ये चाळीसही मशीन एकच अपडेट चाळीस वेळा बाहेरून ओढतात आणि कॉलेजचं नेट बसतं. एक मिरर सर्व्हर असता तर एकदाच ओढलं असतं. तो मी बनवू शकतो, मुलांना सांभाळायला शिकवू शकतो. जुनं मशीन पडून आहे, फक्त परवानगीचा कागद लागतो. तो कुणी काढायचा, हे कुणालाच माहीत नाही.

मुलांना सर्व्हर हाताळायला मिळतच नाही. सगळं लॅपटॉपवर. सर्व्हर पडला, रात्री उठून चालू केला, लॉग वाचला, हा अनुभव कुठून येणार?

तळजाई

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टॉर्व्हाल्ड्सची गोष्ट आठवा. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला हा विद्यार्थी घरच्या पीसीवर कर्नल लिहीत होता. ते लोकांपर्यंत गेलं कसं? हेलसिंकीच्याच तंत्रज्ञान विद्यापीठातल्या आरी लेम्के यांनी ते ठेवायला फाइली वाटायच्या एफटीपी सर्व्हरवर एक डिरेक्टरी दिली, आणि तिला 'लिनक्स' हे नावही त्यांनीच दिलं. लिनसच्या मनात नाव 'फ्रीक्स' होतं. त्या वेळी मोठा निधी किंवा धोरण लागलं नाही, सर्व्हर सांभाळणाऱ्या एका माणसाने जागा दिली.

तुम्ही म्हणता तेच अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाने २००३ पासून केलंय. तिथली ओपन सोर्स लॅब जगभरच्या प्रकल्पांना सर्व्हर पुरवते आणि त्या सर्व्हरची देखभाल विद्यार्थी करतात, पगारी काम म्हणून. तुमचा मिरर ही त्याचीच पहिली पायरी आहे.

प्रवरेकाठ

पुण्याच्या मंडळींना एक विनंती. हे विद्यापीठ नगर आणि नाशिक जिल्ह्यांचंही आहे. आमच्या कॉलेजात वसतिगृहाचं नेट रात्री बंद होतं. इंग्रजीत 'रिव्ह्यू कमेंट' आली की आमची मुलं दोन दिवस ती नुसती वाचत बसतात, उत्तर द्यायला घाबरतात. चुकीचं लिहिलं तर जग हसेल असं वाटतं. शेवटचा_बाकने पाच महिने काढले, त्याला सलाम, पण आमच्याकडच्या मुलाने पहिल्याच नकाराला सोडून दिलं असतं.

मी विद्यार्थी असताना एसटीने पुण्याला जीएनयूनिफाय या ओपन सोर्सच्या संमेलनाला आलो होतो, मॉडेल कॉलनीत, सिंबायोसिसमध्ये. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपची माणसं होती. एका काकांनी माझ्या शेजारी जमिनीवर बसून मला बग रिपोर्ट कसा लिहायचा ते मराठीत शिकवलं. नाव विचारायचं राहिलं. पण आज मी जे शिकवतो त्याची सुरुवात तिथे आहे. असा शेजारी बसणारा माणूस आमच्या तालुक्यात वर्षातून चार दिवस आला, तरी पुष्कळ होईल. नियम नंतर करा, आधी माणसं पाठवा.

बाणेरची_आई

मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे म्हणून सगळं वाचलं. एक सरळ प्रश्न. आम्ही फी भरतो, कर्ज काढलंय. मुलं मोठ्या कंपन्या वापरतात त्या सॉफ्टवेअरवर फुकट राबणार, हे मला आई म्हणून बरं वाटत नाही. याचं उत्तर काय?

दुसरी_शिफ्ट

ताई, प्रश्न रास्त आहे. मी नोकरीसाठी मुलाखती घेतो, म्हणून माझ्यापुरतं सांगतो. बायोडेटावरचा प्रोजेक्ट खरा की आणलेला, ते मला दहा मिनिटांत कळतं आणि बहुतेक वेळा वाईट वाटतं. ज्याने सार्वजनिक ठिकाणी काम केलंय त्याचं काम मी मुलाखतीआधीच वाचून आलेलो असतो. तो मुलगा कुठल्या कॉलेजचा, हे मी नंतर बघतो. लहान कॉलेजच्या मुलाला याचा सर्वांत जास्त फायदा होतो.

पण फुकट राबणं हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. सहा महिन्यांचं काम असेल तर पैसे हवेतच.

सुतारदरा

पैसे देण्याची रीत आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबईतला, शिक्षणात ओपन सोर्सचा वापर वाढवणारा फॉसी प्रकल्प बघा, केंद्राच्या शिक्षण खात्याच्या निधीतून चालतो. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या खुल्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून दिली की मानधन मिळतं. स्पोकन ट्युटोरिअल मराठीतही आहेत, प्रवरेकाठ यांच्या मुलांना उपयोगी पडतील. त्यांचंच ओस्डॅग हे पोलादी जोडांच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर आपल्या आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या मानकाप्रमाणे चालतं. मी सिव्हिलचा, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. महागडं परदेशी सॉफ्टवेअर लॅबमध्ये दोन मशीनवर असतं आणि मुलं रांग लावतात. हे मी हॉस्टेलच्या खोलीत बसून वापरलं, आणि आकडा कसा आला ते कोड उघडून बघितलं.

आणि गुणांसाठी नवा रकाना काढायची वाट कशाला बघायची? नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या पदवी अभ्यासक्रमांत ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट, सामाजिक सहभाग यांचे क्रेडिट आधीच ठेवलेले आहेत. कोहातला मराठी शोध दुरुस्त करणं हा फील्ड प्रोजेक्ट नाही तर काय आहे?

खगोल_खिडकी

विज्ञान शाखेकडून एक भर. गणेशखिंडच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. गुरुत्वीय लहरींच्या शोधात तिथल्या शास्त्रज्ञांचा वाटा आहे. १४ सप्टेंबर २०१५ चा तो पहिला संकेत ज्या सॉफ्टवेअरने तपासला ते खुलं आहे, त्याची विदाही (डेटाही) खुली आहे. मी एमएस्सीला असताना तोच संकेत माझ्या लॅपटॉपवर स्वतः काढून बघितला. अंगावर काटा आला. माणसाने नुसता निष्कर्ष वाचणं वेगळं आणि तिथपर्यंत स्वतः चालत जाणं वेगळं. पीएचडीच्या प्रबंधासोबत कोड जमा करणं सक्तीचं व्हावं, हीही मागणी घाला. आज प्रबंध सांभाळून ठेवला जातो आणि कोड माणसाच्या लॅपटॉपबरोबर जातो.

कलमकाका

सहमत, फक्त 'सक्ती'ऐवजी 'अन्यथा कारण नोंदवावे' असं लिहा. एखाद्या रुग्णालयाची विदा वापरलेली असेल तर सगळं उघडं करता येणार नाही.

मधुमालती

चार दिवस प्रतिसाद वाचत होते. आता मूळ प्रश्नावर येते. टिपणाचा मसुदा असा झालाय :

चालू ओपन सोर्स प्रकल्पातलं काम बीई प्रोजेक्ट किंवा फील्ड प्रोजेक्ट म्हणून मान्य व्हावं, सर्व शाखांत, भाषांतरासकट. मूल्यमापन सार्वजनिक चर्चेच्या नोंदी वाचून व्हावं, संख्येवर नाही, आणि पॅच स्वीकारला गेलाच पाहिजे अशी अट नसावी. सिनॉप्सिससोबत लायसन्सची निवड आणि गटातल्या सर्वांच्या सह्या. आधीच्या वर्षीचं काम पुढे नेणाऱ्या गटाला नव्या विषयाइतकेच गुण. लॅबमध्ये मिरर आणि विद्यार्थ्यांनी चालवायचा सर्व्हर, त्याची जबाबदारी आणि श्रेय प्रयोगशाळा कर्मचाऱ्याच्या नावे. शिक्षकाने असं काम करवून घेतलं तर त्याच्या कामाच्या तासांत ते धरावं. आणि तालुक्याच्या ठिकाणी जाऊन शिकवणाऱ्यांचा प्रवासखर्च.

काय राहिलं?

लॅब_नंबर_चार

कर्मचाऱ्याच्या नावे असं कुणी पहिल्यांदाच लिहिलं. धन्यवाद मॅडम.

टर्मिनलवाला

एक राहिलं. मुलं पास होऊन जातात. सर्व्हर, कोड, सगळं मे महिन्यात पोरकं होतं. विद्यापीठात एक तरी कायमची जागा हवी, जिथला माणूस विचारेल की हा प्रकल्प पुढच्या जूनमध्ये कोण घेणार? परदेशात यासाठी कार्यालयं निघाली आहेत, जॉन्स हॉपकिन्सने २०१९ मध्ये काढलं. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठाची गोष्ट तर फार चांगली आहे. सेज वाइलने पीएचडीत सेफ ही साठवणप्रणाली लिहिली, खुली ठेवली, तिची कंपनी काढली, रेड हॅटने २०१४ मध्ये ती १७ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. मग त्याने आपल्या विद्यापीठाला २० लाख डॉलर दिले, आणि त्यातून २०१५ मध्ये तिथे ओपन सोर्स संशोधनाचं केंद्र उभं राहिलं. रामबाग, तुमच्या 'दोन पैसे मिळू देत'चं उत्तर हे.

रामबाग_कॉर्नर

मान्य. माझी सही धरा टिपणावर. बढतीच्या गुणांचा मुद्दा यूजीसीचा आहे, अभ्यास मंडळाच्या हातात नाही, तो वेगळ्या पत्रात घालू. ते पत्र मी लिहितो.

पासआउट_२०१४

उशिरा आलो. ताई, बसचं ॲप आम्हीही केलं होतं, दुसऱ्या कॉलेजात. तुमच्या सहात आमचा धरला तर सात. स्वारगेटला उभं राहून नव्हे, मी आणि एक मित्र एक आठवडा रोज कोथरूड डेपोपासून शेवटच्या थांब्यापर्यंत बसने गेलो होतो, नावं कंडक्टरकाकांना विचारून लिहिली. ३११ थांबे. पहिल्या पानावर त्या कंडक्टरकाकांचे आभार आहेत.

परवा धागा वाचून जुनी हार्डडिस्क काढली. कोड सापडला, यादी सापडली. ॲप आज चालणार नाही, पण थांब्यांची मराठी नावं कामाला येतील असं वाटतं, कंडक्टर आणि प्रवासी जी म्हणतात ती आहेत ती, पाट्यांवरची नाहीत. कलमकाकांचं वाचून आधी बाकी तिघांना फोन केले. दोघी हो म्हणाल्या, एक तर रडायलाच लागली. चौथा सांगलीला असतो, नंबर बदललाय. त्याच्या भावाकडून पत्ता मिळाला, रविवारी जातोय. लायसन्स कुठलं लावावं ते तेवढं सांगा, चार सह्या एकाच कागदावर घेऊन येतो.

कलमकाका

कोडला जीपीएल ३ लावा. यादी कोड नाही, तिला क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय-एसए (श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे वाटा) लावा. मसुदा आज रात्री व्यनि करतो, दोन प्रती न्या.